इंटरनेट: वापर कमी, जोखीम जास्त

प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या पाहणीत अमेरिकेतील १८ ते २९ वयोगटातील ४८ टक्के लोक 'जवळजवळ सतत' इंटरनेटवर असल्याचे आढळले. पासष्टीपुढे हे प्रमाण फक्त ८ टक्के होते. पण एफ.बी.आय.कडे २०२३ मध्ये आलेल्या तक्रारींत सर्वाधिक नुकसान साठीपुढच्यांचेच होते: ३.४ अब्ज डॉलर्स! आयुष्यभराची बचत त्यांच्याच खात्यात असते ना!

कॉम्प्युटरवर "व्हायरस आला, या नंबरवर फोन करा" असे दिसल्यास फोन करू नये. गिफ्ट कार्डने पैसे मागणारा लबाडच समजावा. शंका आल्यास बँकेच्या कार्डामागील नंबरवर स्वतः विचारावे. घरच्या वडीलधाऱ्यांना हे आजच सांगावे; आणि फसवणूक झालीच, तर त्यांच्यावर न रागावता आधी बँकेला कळवावे.