भातखाचरातील खेकडा : ओळख आणि वर्गीकरण

कल्लणै या प्राचीन बंधाऱ्यापाशी कावेरीचे पाणी विभागले जाते आणि पुढे वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार इत्यादी शाखांनी तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातील गावोगावी पोहोचते. खाचरांत पाणी भरले की बांधाच्या कुशीतील बिळांतून खेकडे बाहेर पडतात. कोवळी रोपे ते कुरतडतात. त्यांच्या बिळांतून रात्रीत खाचरातील पाणी निघून जाते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा सारा एकच प्राणी. तमिळमध्ये त्याला 'नंडु' म्हणतात, मराठीत आपण 'खेकडा' म्हणतो. परंतु दिसण्यात सारखे असलेले दोन खेकडे एकाच जातीचे असतातच असे नाही. त्यांचा भेद कसा ओळखावा आणि तो ओळखण्याचे प्रयोजन काय, हे या पाठात पाहू.

समुद्राचा की गोड्या पाण्याचा?

संधिपाद प्राण्यांच्या संघात कवचधारी प्राण्यांचा एक मोठा गट आहे. चालण्याचे व पकडण्याचे मिळून दहा पाय असलेल्या कवचधारींचा गण म्हणजे दशपाद. झिंगा, शेवंडा आणि खेकडा हे सर्व दशपादच होत. खेकड्याचे उदर आखूड असून ते छातीखाली घडी घातल्यासारखे दुमडलेले असते.

त्रिभुज प्रदेश समुद्राला भिडलेला असल्यामुळे पहिला प्रश्न असा पडतो की, हातात आलेला खेकडा खाडीचा की खाचराचा? याचे उत्तर मादीच्या अंड्यांत सापडते. खाडीतील मोठी चिंबोरी लक्षावधी बारीक अंडी घालते. त्यांतून निघणारे डिंभ आईबापांसारखे दिसत नाहीत. ते समुद्राच्या पाण्यात तरंगत वाढतात. खाचरातील मादीची अंडी थोडी, पण आकाराने मोठी असतात. ती आपल्या रुंद उदराखाली ती सांभाळते, आणि त्यांतून एकदम इवलासा, पूर्ण घडलेला खेकडाच बाहेर येतो. समुद्राशी ज्याचा असा संबंध तुटला, तो खरा गोड्या पाण्याचा खेकडा.

रंग का फसवतो?

नवशिका प्रथम रंग व आकार पाहतो. पण कात टाकल्यानंतर खेकड्याचा रंग बदलतो, चिखलाने तो झाकला जातो आणि मद्यार्कात ठेवलेल्या नमुन्यात तर तो टिकतही नाही. आकारही वयावर अवलंबून असतो. म्हणून वर्गीकरणकार कमी बदलणाऱ्या अवयवांकडे वळतो. त्यांतील दोन विशेष महत्त्वाचे आहेत.

पहिला अवयव तोंडापाशी असतो. अन्न चावणाऱ्या जंभाला एक लहानसा सांधेदार स्पर्शक जोडलेला असतो. आफ्रिकेच्या नद्यांत आढळणाऱ्या पोटॅमोनॉटिस या प्रजातीत त्याचा शेवटचा खंड अखंड असतो. तंजावरच्या खाचरांतील खेकडे ज्या गेकार्सिन्युसिडी कुलात मोडतात, त्या कुलात हा खंड सामान्यतः दोन पाळ्यांत विभागलेला दिसतो. मात्र केवळ या एका लक्षणावर विसंबणे धोक्याचे आहे. पश्चिम आफ्रिकेतील काही खेकड्यांतही दोन पाळ्या आढळल्यामुळे त्यांना पूर्वी आपल्या खेकड्यांच्या कुलात घालण्यात आले होते. पुढे आनुवंशिक द्रव्याच्या तुलनेवरून ते आफ्रिकेतील इतर खेकड्यांचेच आप्त असल्याचे दिसून आले.

दुसरा अवयव केवळ नरात असतो. नर उलटा धरून त्याचे अरुंद उदर हळूच उचलले की खाली कडक, बारीक दांड्यांसारख्या दोन जोड्या दिसतात. हे जननपाद होत. पहिल्या जोडीचा आकार, टोकाचे वळण आणि खंडांचे प्रमाण ही जातीची सर्वांत विश्वसनीय खूण मानली जाते. म्हणून संग्रहात एकही प्रौढ नर नसेल, तर तज्ज्ञही निश्चित नाव देण्यास कचरतो.

नावांचा प्रवास

दक्षिण भारतातील भातखाचरांच्या दोन खेकड्यांची नावे सव्वादोनशे वर्षांपूर्वीची आहेत. त्या काळी कावेरीच्या मुखप्रदेशातील तरंगमबाडी हे बंदर डेन्मार्कच्या ताब्यात होते आणि तेथील मिशनरी दक्षिणेतील प्राण्यांचे नमुने युरोपात पाठवीत असत. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ हर्ब्स्ट याने 1794 मध्ये 'हायड्रोड्रोमा' ही जाती वर्णिली. लिनीअसचा डॅनिश शिष्य फाब्रिसिउस याने 1798 मध्ये 'सेनेक्स' हे नाव दिले. त्याच वर्षी तंजावरच्या गादीवर विद्याव्यासंगी सरफोजीराजे दुसरे आले.

दोन्ही जाती प्रथम 'कॅन्सर' या एकाच विशाल प्रजातीत घातल्या होत्या, कारण तेव्हा जवळजवळ सर्वच खेकड्यांना ते नाव पुरत असे. ऑल्कॉक याने कलकत्त्याच्या भारतीय संग्रहालयातील गोड्या पाण्याच्या खेकड्यांची सूची 1910 मध्ये प्रसिद्ध केली. तीत 'हायड्रोड्रोमा' ही जाती पॅराटेल्फ्युसा प्रजातीत आहे. 1968 मध्ये बॉट याने तिच्यासाठी स्पायरॅलोथेल्फ्युसा ही प्रजाती स्थापिली. या नावातच मळसूत्रासारख्या पिळाचा निर्देश आहे. दुसरी जाती आज ओझिओटेल्फ्युसा सेनेक्स म्हणून ओळखली जाते. प्रजातीचे नाव बदलले तरी जातीचे मूळ नाव व त्याचे वर्ष पुसले जात नाही. त्यामुळे जुना ग्रंथ आणि नवा नमुना यांचा दुवा तुटत नाही.

नाव चुकले तर?

नावाचा एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. आफ्रिकेतील एक उदाहरण पुरेसे आहे. 'नदीकाठचे अंधत्व' हा रोग काळ्या माशीच्या दंशातून पसरतो. पूर्व आफ्रिकेतील अशा एका माशीच्या अळ्या कोठे वाढतात, हे दीर्घकाळ उमगत नव्हते. 1950 मध्ये केनियात व्हॅन सोमरेन आणि मॅकमहॉन यांना त्या नदीतील खेकड्यांच्या कवचाला चिकटलेल्या आढळल्या. माशीचा शोध घ्यावयाचा तर खेकडा ओळखणे भाग झाले. युगांडात ही माशी नाहीशी झाली किंवा नाही हे तपासण्यासाठी पुढे नदीतले खेकडेच पकडून पाहण्यात आले.

आपल्याकडेही हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मणिपुरात कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खेकडे खाण्यातून फुप्फुसातील पर्णकृमीचा रोग माणसाला होतो. तेथे कोणता खेकडा कृमी वाहतो हे कळणे आवश्यक ठरते. तिरुपतीच्या विद्यापीठात कीटकनाशकांचे परिणाम ओझिओटेल्फ्युसा सेनेक्सवर अभ्यासले गेले आहेत. ते निष्कर्ष तंजावरच्या खाचराला लावताना तेथील खेकडा त्याच जातीचा आहे, याची आधी खात्री करावी लागते.

विद्यार्थ्यांसाठी

खेकडा मागील बाजूने, पृष्ठवर्माच्या दोन्ही कडांना धरावा. अंडी किंवा पिले असलेली मादी तशीच सोडून द्यावी. उदर अरुंद की रुंद हे पाहून नर-मादी ठरवावी. शाळेच्या संग्रहासाठी शिक्षकांच्या देखरेखीखाली एकच प्रौढ नर मद्यार्कात ठेवावा. सोबत गावाचे नाव, तारीख, आणि खाचर, कालवा की तळे याची नोंद पेन्सिलीने लिहून बरणीत टाकावी. शाई मद्यार्कात विरघळते. पेन्सिलीचे अक्षर टिकते.

गोड्या पाण्याच्या खेकड्यांच्या 1,280 जातींचा जागतिक आढावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे निम्म्या जातींच्या स्थितीविषयी निर्णय देण्याइतकी माहितीच उपलब्ध नव्हती. अशा वेळी एखाद्या गावच्या शाळेतील नीट नोंद केलेली बरणी तज्ज्ञाच्या उपयोगी पडू शकते. नोंद नसलेला नमुना, मग तो कितीही सुंदर असो, केवळ शोभेचा राहतो.