मांजरांच्या घराला पॅलेटचं लाकूड चालेल का?

प्रश्न : निगडी प्राधिकरणातल्या आमच्या सोसायटीत मांजरांसाठी पावसाळ्याआधी लाकडी घर करायचंय. भंगारातली पॅलेट वापरावीत का?

उत्तर : जरूर. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून निघणारं पाइनचं लाकूड हलकं असतं; फक्त शिक्का बघून घ्यावं. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर किमान ३० मिनिटं तापवलेलं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. ते फुकट मिळालं तरी नको. तेलाचे डाग पडलेलंही नको.

घर विटांवर उचलावं, छपराला उतार द्यावा. पावसाचा मारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून तोंड पूर्वेला. दार वीतभरच ठेवावं, म्हणजे मोठं कुत्रं शिरत नाही. मांजरांना बंगला लागत नाही! गोधडी ओल धरते. कोरडा पेंढा बरा.

खरा धोका औषधांचा. वाळवीवर मारतात त्यातलं पर्मेथ्रिन आणि पुसायचं फिनाइल, दोन्ही मांजरांना विषारी. धुवायला साबणपाणी पुरे.