वराहपालनातील पाण्याचा हिशेब

वराहपालनात खाद्याचा हिशेब बहुतेक शेतकरी ठेवतात. पाण्याचा हिशेब मात्र क्वचितच ठेवला जातो. त्यामुळे उन्हाळ्यात विहीर आटू लागली की प्रथम जनावरांचे पिण्याचे पाणी तोडले जाते आणि गळतीत व धुण्यात जाणारे पाणी तसेच वाहत राहते. ही काटकसर अंती नुकसानीची ठरते.

डुकराला घाम जवळजवळ येत नाही. उन्हाळ्यात त्याला पाणी अधिक लागते. सर्वसाधारणपणे दूध तुटलेल्या पिल्लास रोज २ ते ४ लिटर, वाढत्या डुकरास ५ ते १० लिटर, गाभण मादीस १० ते १५ लिटर व पिल्लांना पाजणाऱ्या मादीस २० ते ३५ लिटर पाणी लागते. पाणी अपुरे पडल्यास खाद्य कमी खाल्ले जाते, मादीचे दूध घटते आणि पिल्लांची वाढ खुंटते. पाणी फार काळ तुटल्यास खाद्यातील मिठाचीच बाधा होऊन जनावरास झटके येतात. अशा वेळी एकदम भरपूर पाणी पाजू नये. थोडे थोडे द्यावे व पशुवैद्यकास ताबडतोब बोलवावे.

आता नासाडी पाहू. समजा, एका शेतकऱ्याजवळ पाजणाऱ्या २ माद्या व १० वाढती डुकरे आहेत. माद्यांना प्रत्येकी ३० व इतरांना प्रत्येकी ८ लिटर धरल्यास पिण्यासाठी रोज १४० लिटर पाणी लागेल. त्याच गोठ्यातील एका तोटीतून दर १० मिनिटांस १ लिटर पाणी गळत असेल, तर दिवसाकाठी १४४ लिटर वाया जाते. म्हणजे सर्व जनावरे पितात त्याहूनही अधिक!

ही नासाडी थांबविण्याचे उपाय सोपे आहेत.

१. तोटीखाली भांडे धरून एका मिनिटात किती पाणी येते ते मोजावे. लहान पिल्लांस अर्धा लिटर, मोठ्या डुकरांस १ लिटर व पाजणाऱ्या मादीस दीड ते २ लिटर असा प्रवाह पुरेसा असतो. प्रवाह फार जोराचा असल्यास पाणी सांडते. फार मंद असल्यास जनावर तहानलेले राहते.

२. आडवी बसविलेली तोटी त्या कप्प्यातील सर्वांत लहान डुकराच्या खांद्याइतक्या उंचीवर असावी. जनावरे वाढतील तशी ती वर सरकवावी.

३. उघड्या टाकीत डुकरे लोळतात व पाणी घाण करतात. म्हणून टाकी अरुंद करावी किंवा तिच्यावर आडवे गज बसवावेत.

४. फरशी धुण्यापूर्वी शेण फावड्याने व खराट्याने कोरडेच काढून उकिरड्यात टाकावे. यामुळे पाणी थोडके लागते आणि खताचा कसही टिकतो.

५. सांडपाणी गोठ्याभोवती साचू देऊ नये. तेथे डास वाढतात. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकराच्या रक्तात वाढून डासांमार्फत माणसापर्यंत पोहोचतो. हे पाणी विहिरीपासून दूर, चाऱ्याच्या पिकास द्यावे.

विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील एका गोठ्यात आठ दिवस ही मोजणी शेतकऱ्याच्या हातून करवून घ्यावी. रोज किती पिंपे पाणी भरले व जनावरांची गरज किती होती, हे दोन आकडे भिंतीवर खडूने लिहावेत. त्यांतील तफावत मोठी दिसल्यास प्रथम तोट्या तपासाव्यात. पिण्याच्या पाण्यास हात लावू नये.