थेंब कोठून आला?

मुंबईहून ठाण्याकडे जाणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्याला आता लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणतात. कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंड अशी उपनगरे ओलांडीत तो पुढे जातो. या भागाची आणि यंत्रांची ओळख जुनी आहे. कुर्ल्यास प्रीमियर कंपनीच्या कारखान्यात अनेक वर्षे मोटारी तयार होत असत. रस्त्यालगतच्या गल्ल्यांतून गाड्या दुरुस्त करणारी लहान लहान दुकाने आजही आढळतात. घाटकोपरमधील अशाच एका दुकानातील, जून महिन्यातल्या एका शनिवारची ही हकिकत आहे.

मामाची जुनी बुलेट रोज सकाळी आवारातील फरशीवर रुपयाएवढा काळपट डाग ठेवू लागली होती. नाक्यावरील एका माणसाने पाना लावून एक नट जोराने आवळून दिला. पण डाग लहान होण्याऐवजी मोठाच झाला. दुसऱ्या दिवशी मामाला याच गाडीवरून नाशिकला जावयाचे होते. म्हणून सातवीत शिकणाऱ्या भाचीला मागे बसवून तो मिस्त्रींच्या दुकानी आला.

थेंबभर तेलाने असे काय बिघडते, असे कोणासही वाटेल. परंतु गाडी धावत असताना वारा तो थेंब मागे लोटतो आणि तो मागच्या चाकावर उडण्याचा संभव असतो. रबर आणि रस्ता यांच्यामध्ये तेल शिरले की चाकाची पकड सुटते. मुंबईच्या पहिल्या पावसात असेच घडते. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल पाण्याबरोबर वर येते, दुचाक्या घसरू लागतात आणि अग्निशमन दलाच्या जवानांना रस्त्यावर माती पसरावी लागते. नाशिकच्या वाटेवर तर कसाऱ्याचा वळणावळणांचा घाट आहे.

“मिस्त्री, पॅकिंग गेलेले दिसते. तेवढे बदलून द्या,” मामा म्हणाला.

“कोणते पॅकिंग, भाऊ? या गाडीला ती पुष्कळ आहेत,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. त्यांनी पान्याला हातही लावला नाही.

बुलेट ही मूळची इंग्लंडमधील गाडी. १९५५ साली मद्रास येथे एनफील्ड इंडिया कंपनी निघाली आणि ती आपल्याकडे तयार होऊ लागली. तिची जुनी रचना या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकून होती. या रचनेत तेलाची घरे तीन असतात. इंजिनाचे एक, गिअरपेटीचे दुसरे; आणि इंजिनाची शक्ती क्लचकडे नेणारी साखळी ज्यात फिरते, ते डाव्या बाजूचे साखळीघर हे तिसरे. तिन्हींची तेले परस्परांत मिसळत नाहीत. इंजिनातील तेल काजळीने काळेभोर होते. गिअरपेटीतील वंगण दाट असते. साखळीघरातील तेल त्या मानाने पातळ आणि स्वच्छ राहते. त्यामुळे जमिनीवर पडलेल्या डागापेक्षा ताजा थेंब पुष्कळ अधिक सांगतो.

मिस्त्रींनी गाडीखाली बोट फिरवून एक ताजा थेंब पांढऱ्या कागदावर टिपला. कागदावर फिकट तपकिरी ठिपका उमटला. तरीही त्यांनी लगेच निष्कर्ष काढला नाही. प्रथम त्यांनी इंजिनाची हवा बाहेर सोडणारी नळी तपासली. इंजिनातील दट्ट्या खाली येतो तेव्हा त्याखालच्या पोकळीतील हवा दाबली जाते आणि या नळीवाटे निघून जाते. नळी चोंदली तर तीच हवा तेलाला मिळेल त्या फटीतून बाहेर ढकलते. मग पॅकिंग कितीही वेळा बदलले तरी गळती थांबत नाही. मिस्त्रींनी इंजिन सुरू करून भाचीला नळीच्या तोंडाशी हात धरावयास सांगितले. तिच्या बोटांना हवेची फुसफुस लागली. नळी मोकळी होती.

इंजिन निवल्यावर त्यांनी घासलेट आणि कुंचला घेऊन त्याचा सारा खालचा भाग धुतला, चिंधीने कोरडा केला आणि त्यावर शंखजिऱ्याची, म्हणजे अंगाला लावायची साधी पावडर भुरभुरली. मामाला हसू आले.

“काका, गाडीला पावडर कशाला?” भाचीने विचारले.

“तेल आपली वाट लपवते, बाळ. ते वरून ओघळते, वाऱ्याने मागे जाते आणि भलत्याच ठिकाणी थेंब होऊन लोंबते. पांढऱ्यावरून चालू लागले की त्याचे पाऊल उमटते.”

मामा विक्रोळीपर्यंत फेरी मारून आला. इंजिन तापले म्हणजे तेल पातळ होते आणि बारीक फटीतूनही निसटते. म्हणून उभ्या गाडीपेक्षा धावून आलेली गाडी खरे बोलते. भाची वाकून पाहू लागली. उजवी बाजू पांढरी होती. इंजिनाच्या दोन अर्ध्यांचा सांधाही पांढरा होता. डावीकडे मात्र साखळीघराच्या झाकणाच्या खालच्या कडेवर एक ओली रेघ उमटली होती. थेंब स्टँडच्या पायावरून पडत होता. त्याचा उगम चांगला वीतभर पुढे होता.

आता कोठे पाने बाहेर निघाले. साखळीघरातील तेल डब्यात काढून डाव्या बाजूची पायटेकणी आणि ब्रेकची पट्टी सोडविल्यावर झाकण मोकळे झाले. एवढ्या मोठ्या झाकणाला धरून ठेवणारा नट एकच, अगदी मध्यभागी. नाक्यावर आवळला गेला होता तो हाच. मध्यावर नको इतका जोर पडला की ॲल्युमिनियमचे झाकण किंचित वाकते आणि कडेला फट पडते; म्हणजे आवळावे तितके गळते! मिस्त्रींनी झाकण एका जाड काचेवर पालथे ठेवले आणि कडेखाली कागद सरकवून पाहिला. एका जागी तो जेमतेम आत शिरला. वाक थोडा होता. खाचेतील रबरी कडे मात्र उष्णतेने कडक आणि चपटे झाले होते. भाचीने त्यावर नख रोवले, ती खूण तशीच राहिली.

“सायकलच्या ट्यूबचे कडे कापून बसवले तर?” मामाने सुचविले. पुष्कळांना ही युक्ती सुचते आणि ती फसते. असे रबर खनिज तेलात फुगते आणि मऊ पडते. म्हणून तेलाशी संबंध येणारी कडी नायट्राइल नावाच्या कृत्रिम रबराची करतात. तसे नवे कडे काही रुपयांत मिळाले. खाच पुसून ते बसविले, झाकण लावले आणि नट आवळण्यासाठी मिस्त्रींनी मुद्दाम आखूड पाना घेतला. पाना जितका लांब तितका हाताचा जोर वाढतो. आणि येथे जोर नकोच होता. साखळीघरात अर्ध्या लिटरहूनही कमी तेल लागते. पातळी दाखविणाऱ्या छिद्रातून तेल पाझरू लागताच ते भरणे थांबवून छिद्राचा स्क्रू बसविला. ब्रेक जागेवर आला, तोही दोनदा दाबून पाहिला.

डब्यातील जुने तेल भाची गटारापाशी नेऊ लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला थांबविले. या बाजूची गटारे नाल्यांना आणि नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात. त्या खाडीत हजारो रोहित पक्षी येतात. २०१५ साली तेथे त्यांच्यासाठी अभयारण्य जाहीर झाले. मिस्त्रींनी ते तेल कोपऱ्यातील पिंपात ओतले. पिंप भरले की जुने तेल शुद्ध करणाऱ्यांकडे ते जात असे.

रात्री भाचीने गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवले. पहाटे मामा शिरस्त्राण घेऊन खाली उतरला तो कागदावर पुन्हा एक डाग! त्याचा चेहरा पडला. भाची मात्र गुडघे टेकून खाली बसली. डाग साखळीघराखाली नव्हता, हातभर मागे होता. तिने तो बोटाला लावून चोळला. तो दाट, चिकट होता आणि त्यात वाळूची कचकच लागत होती. मग तिने कोऱ्या कागदाची घडी झाकणाच्या खालच्या कडेवरून फिरविली. ती कोरडीच निघाली.

“मामा, ही मागच्या चाकाच्या साखळीची चिकटी आहे,” ती म्हणाली. “झाकण कोरडे आहे. तू जा.”

मामाने स्वतः वाकून ती कड बोटाने चाचपली, मागचे चाक पुसून घेतले आणि किल्ली फिरविली.