जमीन कोणाची, वस्ती कोणाची : डडली स्ट्रीटचा पाठ

एखादे शहर किंवा त्याचा एखादा भाग उजाड होतो, तेव्हा दोष बहुधा तेथे राहणाऱ्यांनाच दिला जातो. लोक अस्वच्छ आहेत, आळशी आहेत, गुन्हेगार आहेत, असे सहज म्हटले जाते. वस्तुतः पैसा, जमीन आणि सत्ता यांविषयीचे जे निर्णय वस्तीला ओस पाडतात, ते बहुतेक वस्तीबाहेर घेतलेले असतात. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या रॉक्सबरी भागातील डडली स्ट्रीट परिसराचा इतिहास या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

वस्ती उजाड कशी झाली?

दुसऱ्या महायुद्धानंतर येथील गोरी कुटुंबे मोठ्या संख्येने उपनगरांत गेली. मागे राहिलेल्या व नव्याने आलेल्या कृष्णवर्णीय, केप व्हर्दे बेटांवरील आणि स्पॅनिशभाषक कुटुंबांना बँका कर्ज देईनात. कर्जाअभावी घरांची डागडुजी थांबली. काही मालकांनी तर विम्याच्या रकमेसाठी स्वतःचीच घरे पेटवून दिली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी परिसरातील सुमारे १,३०० भूखंड रिकामे पडले होते. शहरभरातील राडारोडा, मोडक्या मोटारी आणि सडका कचरा रात्री-अपरात्री तेथे आणून टाकला जाई.

पहिला प्रश्न : निर्णय कोण घेणार?

१९८४ मध्ये एका धर्मादाय निधीच्या पुढाकाराने या परिसराच्या सुधारणेसाठी संघटना उभी राहू लागली. परंतु तिच्या नियोजित कार्यकारिणीत बहुतेक जागा संस्थांच्या प्रतिनिधींना होत्या आणि रहिवाशांना मोजक्याच होत्या. सभेत लोकांनी या रचनेलाच हरकत घेतली. हितचिंतकांचा हेतू चांगला होता. तथापि चांगला हेतू प्रतिनिधित्वाची जागा घेऊ शकत नाही. अखेर रचना बदलली. रहिवाशांना बहुमत मिळाले व निरनिराळ्या समाजांना समान जागा देण्यात आल्या.

कामाचा आरंभ कचऱ्यापासून झाला. १९८६ च्या ‘आमच्यावर कचरा टाकू नका’ या मोहिमेत लोकांनी स्वतः भूखंड साफ केले आणि त्याच वेळी बेकायदा कचरा-केंद्रे बंद करण्यासाठी महापौरांवर दबाव आणला. श्रमदान आणि हक्काची मागणी यांची ही सांगड महत्त्वाची आहे. केवळ झाडू हाती घेतला असता, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तितकाच कचरा पडला असता.

दुसरा प्रश्न : जमीन कोणाच्या हाती?

१९८७ मध्ये रहिवाशांनी तज्ज्ञांच्या साहाय्याने आपल्या परिसराचा आराखडा तयार केला. मात्र अनेक रिकामे भूखंड तुकड्यातुकड्यांनी खाजगी मालकांकडे अडकले होते. १९८८ मध्ये शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने ठरावीक क्षेत्रातील अशा रिकाम्या जमिनी संपादन करण्याचा अधिकार संघटनेला दिला. असा अधिकार मिळवणारी ती अमेरिकेतील पहिली वस्ती-संघटना होय.

मिळालेली जमीन एका सामुदायिक न्यासाकडे ठेवण्यात आली. घर कुटुंबाच्या मालकीचे, जमीन मात्र न्यासाची, ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली, अशी ही व्यवस्था आहे. घर मुलांना वारशाने देता येते. विकावयाचे झाल्यास किंमत मर्यादेतच ठेवावी लागते, म्हणून पुढच्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबालाही ते परवडते. वस्ती सुधारली की भाव चढतात आणि जिने ती सुधारली तीच गरीब माणसे बाहेर फेकली जातात, हा शहरांचा नित्याचा अनुभव आहे. न्यासाच्या या योजनेने त्यालाच बांध घातला. या जमिनीवर दोनशेहून अधिक घरे उभी राहिली. शिवाय बागा व शेतीची जागाही झाली. दारिद्र्य सर्वस्वी संपले असे नव्हे. न्यासाच्या जमिनीबाहेर भाववाढीची झळ आजही लागते. परंतु जेथे जमीन समूहाच्या हाती आली, तेथे माणसे टिकली.

या कल्पनेचे एक मूळ आपल्याकडे आहे. अमेरिकेतील पहिला सामुदायिक भूमी-न्यास १९६९ मध्ये जॉर्जिया राज्यात कृष्णवर्णीय नागरी हक्क कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने स्थापन झाला. त्याच्या प्रवर्तकांपुढे विनोबांच्या ग्रामदानाचा आदर्श होता. ग्रामदान ज्या भूदानातून निघाले, त्याचा आरंभ १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे झाला. तेथील भूमिहीन दलित कुटुंबांनी कसण्यासाठी ८० एकर जमीन मागितली होती. इतिहासात दात्यांची नावे ठळक होतात. प्रथम मागणी करणाऱ्यांचे स्मरण ठेवणे हे आपले काम आहे.

चिंतनासाठी

१. आपल्या वस्तीच्या विकासाचे निर्णय कोणत्या बैठकीत होतात? त्या बैठकीत वस्तीतील किती जण असतात?

२. वस्तीतील मोकळी जागा कोणाच्या नावावर आहे? तिचा सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आपण पाहिले आहे काय?

३. उद्या जागेचे भाव वाढले, तर आज तेथे राहणारे कुटुंब दहा वर्षांनी तेथेच राहू शकेल काय?

या प्रश्नांची उत्तरे एकट्याने शोधता येणार नाहीत. शिकलेल्याने कागद वाचावा, वडीलधाऱ्यांनी वस्तीचा इतिहास सांगावा आणि सर्वांनी मिळून सभेला बसावे. डडली स्ट्रीटच्या रहिवाशांचीही वाटचाल अशीच सभेपासून सुरू झाली.