संगणकाला एक उजेड, वहीला दुसरा

मे महिन्यातील गोष्ट. जळगावच्या दाणाबाजारात एका आडतीवर संगणकावर बिले करणारी मुलगी माझ्या दवाखान्यात आली. दुपारी तीननंतर डोळे चुरचुरत, कपाळ ठणकत असे. दोनदा चष्मा बदलून झाला होता. "डोळे जातील, नोकरी सोड," असे घरचे म्हणू लागले होते. मी तपासले. नंबर बरोबर होता, डोळ्याचा दाब व दृष्टिपटलही ठीक होते. तेव्हा विचारले, "पोरी, तू बसतेस कुठे?"

तिचे उत्तर ऐकून मी आडतीवर गेलो. तिच्या पाठीशी पश्चिमेची खिडकी, डोक्यावर चार ट्यूबलाइट. पासष्टीचे शेठजी मात्र म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मला तर अजून अंधारच वाटतो. पाचवी ट्यूब लावतोय."

वाचकहो, दोघांचेही खरे होते. वयाबरोबर बाहुली लहान होते, डोळ्यातील भिंग पिवळसर होते. साठीच्या डोळ्यात दृष्टिपटलापर्यंत विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. म्हणून खातेवही वाचायला शेठजींना जास्त उजेड हवा. स्क्रीन मात्र स्वतःच उजळते. तिच्यावर बाहेरचा उजेड पडला की अक्षरे फिकी पडतात आणि डोळे ताणावे लागतात.

मी स्क्रीन बंद करायला सांगितले. काळ्या काचेत खिडकी आणि दोन ट्यूब स्पष्ट दिसल्या. ही परीक्षा आपणही करून पाहा. काचेत जे चमकते, तेच डोळ्यांना त्रास देते.

उपाय साधे होते. टेबल फिरवून खिडकी बाजूला घेतली, तिला जाड पडदा लावला. काचेत दिसणाऱ्या दोन ट्यूब बंद केल्या. शेठजींना वहीवर उजेड पाडणारा टेबललॅम्प दिला. कूलरचा झोत मुलीच्या तोंडावर येत होता, तो वळवला. कार्यालयात कागद व संगणक दोन्हींसाठी साधारण 300 ते 500 लक्स उजेड पुरतो. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत असतो, हे लक्षात घेतले म्हणजे पडद्याचे महत्त्व कळेल.

धुळ्याच्या एका वाचकाने विचारले आहे, ट्यूब बरी की एलईडी? जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला 100 वेळा लुकलुकते. ते दिसत नाही, पण काहींचे डोके दुखते. हलक्या प्रतीचा एलईडीही लुकलुकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून दिव्याकडे पाहा. काळे पट्टे सरकताना दिसले, तर तो दिवा टाळावा. खोक्यावर 4000 केल्विन लिहिलेला, ना पिवळा ना निळसर, असा दिवा घ्यावा.

पंधरा दिवसांनी मुलगी आली. डोकेदुखी थांबली होती, थोडी चुरचुर उरली होती. स्क्रीनकडे पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहून कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फुटांपलीकडे पाहावे, पापण्या मिटाव्यात. समोरच्या दुकानाची पाटी वाचली तरी चालेल.

स्क्रीनमुळे दृष्टी कायमची जाते, असा पुरावा नाही. मात्र दिव्याभोवती रंगीत वलये दिसणे, डोळा लाल होऊन दुखणे व उलटी होणे, किंवा एकाएकी अंधुक दिसणे, यांपैकी काही झाले तर दिवे बदलत बसू नये. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.

मुलीची नोकरी टिकली. पाचवी ट्यूब काही लागली नाही.