डिझेल ट्रॅक्टरसाठी इंजिन तेल व तेलगाळणीची निवड

ऐन हंगामात ट्रॅक्टर आठ दिवस बंद पडला तर होणारे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चापुरते राहत नाही. वापसा निघून जातो, पेरणी लांबते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरसाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागते. बेअरिंग झिजणे, पिस्टनच्या रिंगा चिकटणे, इंजिन जाम होणे हे बिघाड एकाएकी झाल्यासारखे वाटतात. तथापि त्यांचे मूळ पुष्कळदा अयोग्य तेल, अपुरे तेल किंवा तुंबलेली गाळणी यांतच असते. म्हणून तेल व गाळणी कशी निवडावी, याची माहिती प्रत्येक ट्रॅक्टरधारकास असणे अगत्याचे आहे.

तेलाची कामे

इंजिन तेल केवळ वंगणाचे काम करते असा समज आहे. वस्तुतः त्याची कामे पाच आहेत. ते घर्षण कमी करते. पिस्टन व बेअरिंग यांची उष्णता वाहून नेते. रिंग व सिलिंडर यांच्यामधील फट भरून दाब टिकवते. काजळी व मळ धुऊन काढते. आणि धातूस गंजापासून राखते. डिझेलच्या ज्वलनात काजळी पुष्कळ निघते. ती एका जागी साचू न देता तेलातच तरंगत ठेवण्यासाठी त्यात विशेष द्रव्ये मिसळलेली असतात. त्यामुळे डिझेल इंजिनातील तेल थोड्याच तासांत काळे होते. तेल काळे झाले म्हणजे ते खराब झाले असे मानू नये. ते मळ धरून ठेवण्याचे आपले काम करीत आहे, इतकाच त्याचा अर्थ होय.

दाटपणाचा आकडा

डब्यावर एसएई १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-४० असे आकडे छापलेले असतात. डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक असून त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वाहतेपणा दाखवतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसवर, म्हणजे इंजिन तापलेले असताना, तेल किती दाट राहते हे सांगतो. थंडीत इंजिन फिरवण्याची चाचणी १५डब्ल्यू तेलासाठी उणे २० अंशांवर व २०डब्ल्यू तेलासाठी उणे १५ अंशांवर घेतात. महाराष्ट्रात पारा इतका खाली जात नाही. म्हणून आपल्याकडे तापलेल्या स्थितीचा, म्हणजे दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा ठरतो. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दोन्ही प्रकार मान्य असल्यास कोणताही वापरण्यास हरकत नाही. मात्र १५डब्ल्यू तेल सकाळी इंजिन सुरू करताना बेअरिंगपर्यंत अधिक लवकर पोचते.

जुन्या इंजिनात ठरल्यापेक्षा दाट तेल घातले की ते पुन्हा जोर धरते, अशी एक समजूत आहे. दाट तेलाने धूर व आवाज काही दिवस कमी भासतो, पण झिजलेला भाग भरून येत नाही. उलट असे तेल सावकाश चढते आणि सुरुवातीची झीज वाढते.

दर्जाची अक्षरे

दाटपणाचा आकडा तेलाचा दर्जा सांगत नाही. दर्जासाठी एपीआय या खुणेपुढील अक्षरे पाहावीत. ‘सी’ने सुरू होणारी अक्षरे डिझेल इंजिनाची व ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोल इंजिनाची असतात. सीएफ-४ हा दर्जा १९९० मध्ये, सीएच-४ हा १९९८ मध्ये, सीआय-४ हा २००२ मध्ये व सीके-४ हा २०१६ मध्ये आला. साधारणपणे नंतरचा दर्जा आधीच्या दर्जाच्या जागी चालतो. आधीचा नंतरच्या जागी चालत नाही. पुस्तिकेत सीआय-४ सांगितले असता स्वस्त मिळते म्हणून सीएफ-४ घालणे हे इंजिनाचे आयुष्य कमी करणे होय. २०१६ मध्येच आलेला एफए-४ हा दर्जा मात्र या नियमास अपवाद आहे. ते तेल पातळ असते आणि ज्या इंजिनासाठी ते नेमून दिलेले नाही त्यात घालू नये.

भारतात ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांस १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. अशा काही ट्रॅक्टरांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसवलेली असते. तेल जळून मागे उरणारी राख त्या गाळणीत साचते आणि ती जाळून काढता येत नाही. म्हणून तेथे कमी राखेचे, पुस्तिकेत नेमलेल्या दर्जाचेच तेल वापरावे.

गिअरपेटी, हायड्रॉलिक व तेलात बुडालेले ब्रेक यांचे तेल वेगळे असते. ते इंजिनात घालू नये, तसेच इंजिनाचे तेल तेथे घालू नये.

तेलगाळणीची पारख

पंपाने उचललेले तेल गाळणीतील घडीच्या कागदातून जाऊन मग बेअरिंगकडे वळते. या मार्गात एक बगल-झडप असते. गाळणी तुंबली किंवा तेल फार दाट असले, तर ती झडप उघडते व तेल न गाळता पुढे जाते. बेअरिंग कोरडे पडण्यापेक्षा मळकट तेल मिळालेले बरे, हा या योजनेचा हेतू आहे. परंतु गाळणी वेळेवर न बदलल्यास इंजिन रोजच मळकट तेलावर चालते आणि चालकास त्याचा पत्ताही लागत नाही.

गाळणी विकत घेताना केवळ आटे जुळतात की नाही एवढेच पाहून भागत नाही. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन गाळण्यांत कागदाचे क्षेत्र, झडप उघडण्याचा दाब व तेल परत खाली उतरू न देणारी रबरी पडदी यांत फरक असू शकतो. म्हणून पुस्तिकेतील भाग-क्रमांक पाहूनच गाळणी घ्यावी. कागदी गाळणी डिझेलने धुऊन पुन्हा बसवू नये. तिचा कागद फाटतो किंवा त्याची छिद्रे मळाने बुजलेलीच राहतात.

हवेच्या गाळणीचा येथे निकटचा संबंध आहे. रोटाव्हेटर व मळणीयंत्र यांच्या कामात धूळ फार उडते. हवेबरोबर आत गेलेली बारीक वाळू सिलिंडर घासते व शेवटी तेलात उतरते. उत्तम तेलदेखील त्यापुढे टिकत नाही. तेलाच्या भांड्याची हवा-गाळणी असल्यास धुळीच्या दिवसांत ती रोज पाहावी व तेल खुणेपर्यंत ठेवावे.

तेल बदलण्याची रीत

तेल किती तासांनी बदलावे हे पुस्तिकेत दिलेले असते. पुष्कळ ट्रॅक्टरांत पहिला बदल ५० तासांनी व पुढील २५० तासांनी सांगितलेला असतो. तेल व गाळणी दोन्ही एकाच वेळी बदलावीत. क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. इंजिन कोमट असतानाच तेल काढावे, म्हणजे मळही त्याबरोबर निघून जातो.
२. जुन्या गाळणीची रबरी कडी इंजिनास चिकटून राहिलेली नाही याची खात्री करावी. दोन कड्या एकावर एक बसल्या तर तेल जोराने बाहेर पडते.
३. नव्या कडीस स्वच्छ तेल लावून गाळणी हातानेच आवळावी. कडी टेकल्यानंतर किती फिरवावे हे गाळणीवर छापलेले असते.
४. खालचा बोल्ट वॉशरसह बसवून तेल भरावे. इंजिन संथ चालवावे. तेलदाबाचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे.
५. इंजिन बंद करून काही मिनिटांनी गेजची पट्टी पाहावी. गाळणीत तेल शिरल्याने पातळी थोडी उतरते, तेवढी भर घालावी. वरच्या खुणेपलीकडे तेल भरू नये. क्रँक ते घुसळते व फेस होतो.

काम चालू असताना दाबाचा दिवा लागला तर तास पुरा करण्याचा मोह न धरता इंजिन तत्काळ बंद करावे.

तेलाची घरगुती परीक्षा

गेजच्या पट्टीवरील गरम तेलाचा एक थेंब टिपकागदावर टाकावा व काही तास ठेवावा. डाग मध्यापासून कडेपर्यंत हळूहळू फिका होत गेला, तर तेलात मळ धरून ठेवण्याची शक्ती आहे. मध्ये दाट काळा ठिपका राहून त्याची कड ठळक दिसली, तर ती शक्ती संपली असे समजावे. बाहेर फिकट तेलकट वलय दिसले व पट्टीवरील पातळी न भरता वाढली, तर तेलात डिझेल उतरत असल्याचा संशय घ्यावा. तापल्या तव्यावर टाकलेला थेंब तडतडला किंवा तेल दुधाळ दिसले, तर पाणी शिरले आहे. या परीक्षेने धातूची झीज कळत नाही आणि तेल बदलण्याची मुदतही तिच्यावरून वाढवू नये. मात्र बिघाडाची सूचना आधी मिळते.

खर्चाचा हिशेब

एका मध्यम ट्रॅक्टरास ताशी ४ लिटर डिझेल लागते असे धरल्यास २५० तासांत १,००० लिटर डिझेल जळते. तितक्याच काळात तेल बदलण्यास लागते सुमारे ८ लिटर. म्हणजे डिझेलच्या शंभराव्या भागाहूनही कमी. या अल्प भागात काटकसर करून संपूर्ण इंजिन धोक्यात घालणे शहाणपणाचे नाही. तेल सीलबंद डब्यातील, पावतीसह घ्यावे. रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, म्हणजे त्यात बनावट तेल भरले जाणार नाही.

जळके तेल

काढलेले तेल ओढ्यात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नये. जनावरांच्या जखमेस ते लावू नये. त्यात धातूचे कण व अपायकारक द्रव्ये असतात. हातास लागलेले तेल साबणाने धुवावे. वापरलेले तेल २०१६ च्या नियमांनुसार घातक कचरा ठरते. ते झाकणाच्या डब्यात साठवून अधिकृत संकलकाकडे द्यावे. चार-सहा शेतकऱ्यांनी एकत्र साठा केल्यास ते सोयीचे होते.

कार्यकर्त्यांसाठी

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी हंगामापूर्वी गावातील ट्रॅक्टरधारकांची बैठक घ्यावी व टिपकागदाची परीक्षा प्रत्यक्ष करून दाखवावी. प्रत्येकाने आपली पुस्तिका आणून तेलाचा आकडा, दर्जाची अक्षरे व गाळणीचा क्रमांक या तीन गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. त्याच वहीत तेल बदलल्याची तारीख व तासमापकावरील आकडा लिहीत जावा. बैठकीत पुढील प्रश्न विचारावेत: आपल्या ट्रॅक्टरास कोणत्या दर्जाचे तेल सांगितले आहे? मागचा बदल किती तासांवर झाला? त्या वेळी गाळणी बदलली होती काय? ज्यास या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वही पाहून देता येतील, त्याचा ट्रॅक्टर पेरणीच्या दिवशी बंद पडण्याचा संभव पुष्कळच कमी राहील.